अपघातानंतर संघटनेने सेलिंग शाळेच्या मागे उभं राहायचं, समोर, की कुठेच नाही?

शीड_आणि_सुकाणू (धागाकर्ता)

बरेच महिने लिहू की नको करत होतो, आज लिहूनच टाकतो. लांबलंय, आधीच सॉरी.

मी तेरा वर्षं डिंगी सेलिंग, म्हणजे छोट्या शिडाच्या होड्या चालवणं, शिकवलं, त्यातली शेवटची चार वर्षं शाळेचा चीफ इन्स्ट्रक्टर म्हणून. शाळा संघटनेची मान्यताप्राप्त होती. म्हणजे बोर्डावर त्यांचा लोगो, सर्टिफिकेटवर त्यांचा शिक्का, अभ्यासक्रम त्यांचा, किती मुलांमागे किती इन्स्ट्रक्टर हे त्यांनी ठरवलेलं, सेफ्टी बोटीत काय काय असायला हवं त्याची यादी त्यांची, आणि वर्षातून एकदा त्यांचा इन्स्पेक्टर येऊन सगळं तपासून सही करून जायचा. त्याची फी आम्ही दरवर्षी भरायचो. त्याबद्दल तक्रार नाही, सिस्टीम चांगली आहे.

एक दिवस आठ मुलं आठ होड्यांवर, प्रत्येक जण एकटा, सोबत दोन सेफ्टी बोटी. वारा वाढला, आम्ही सगळ्यांना परत बोलवायला लागलो तेवढ्यात तीन होड्या एका झटक्यात उलटल्या. दोन मुलं लगेच वर आली. तिसरा, बारा वर्षांचा, आला नाही. होडी पूर्ण पालथी, डोलकाठी सरळ खाली, आणि त्याच्या घोट्याला मेनशीटचा वेढा. मेनशीट म्हणजे मोठं शीड ओढायची-सोडायची दोरी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माझी असिस्टंट इन्स्ट्रक्टर, वय वर्षं एकोणीस, तिने सेफ्टी बोटीतून उडी मारली, खाली जाऊन दोरी कापली आणि त्याला बाहेर काढलं. मुलगा दोन रात्री हॉस्पिटलमध्ये होता, आज ठणठणीत आहे.

त्याच संध्याकाळी संघटनेचा मेल आला. तीन ओळी. मान्यता पुढील सूचनेपर्यंत स्थगित, लोगो काढून टाका, संघटनेच्या वतीने कुणाशी बोलू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या यादीतून शाळेचं नाव गायब. आठ महिन्यांपूर्वी ज्या माणसाने आमच्या रजिस्टरमध्ये 'उत्तम' असा शेरा मारून सही केली होती त्याचा फोन नाही, कुणाचाच नाही. सात आठवड्यांनी पहिल्यांदा तिकडून माणसाचा आवाज ऐकला तो अकाउंट्सवाल्यांचा, नूतनीकरणाची फी राहिलीये म्हणून.

स्थगितीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, चौकशी होईपर्यंत शाळा बंद ठेवायलाच हवी. पण त्या पोरीला कुणी विचारलं का की बाई तू झोपतेयस का? मुलाच्या आईवडिलांना कोण भेटलं, काय बोलायचं, पोलिसांना जबाब देताना सोबत कोण, यातलं आम्हाला कुणी काही सांगितलं का? आणि सगळ्यात वाईट म्हणजे आमचा लेखी रिपोर्ट त्यांच्याकडे पहिल्या आठवड्यात गेला होता, तो तिथेच पडून राहिला, आणि चार महिन्यांनी दुसऱ्या एका शाळेत त्याच बनावटीच्या होडीत तश्शीच दोरी, तस्साच पाय. तिथलंही मूल वाचलं, नशीब.

शिक्का मारताना तुम्ही आमचे, मग पाणी नाकात गेल्यावर परके कसे? शाळेला वाचवा असं म्हणत नाहीये, हजर राहा म्हणतोय, आणि असं काही झालं की एका आठवड्यात सगळ्या शाळांना कळवा. मतं येऊ द्या, शिव्याही चालतील.

दीपस्तंभ

त्या मुलीला आधी नमस्कार. बाकी तुमच्याशी पूर्ण असहमत, आणि जरा कडक लिहितोय, राग मानू नका.

लोगो शाळेसाठी नसतो हो, तो पालकासाठी असतो. पालकाला होडीतलं काही कळत नाही, तो लोगो बघतो आणि पोर पाण्यात सोडतो. अपघात झाल्यावर संघटनेचं पहिलं काम हे की उद्या सकाळी त्याच शाळेत दुसरा पालक त्याच भरवशावर पोर आणून सोडणार नाही. ते काम तीन ओळींत होतं आणि त्यांनी ते केलं. तुम्हाला ते थंड वाटलं, मला ते बरोबर वाटलं.

लाइम बे विसरलात का? मार्च १९९३, इंग्लंडचा दक्षिण किनारा, शाळकरी मुलांची कयाकची सहल. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे, कयाक एकामागून एक भरत गेल्या, मुलं आत आत वाहत गेली, चार जण दगावले. सोबतच्या इन्स्ट्रक्टरांची पात्रता अगदी प्राथमिक होती. त्याच सेंटरमधून आधी नोकरी सोडून गेलेल्या दोन इन्स्ट्रक्टरांनी पत्र लिहून बजावलं होतं की इथली सुरक्षा सुधारा. कुणी ऐकलं नाही. १९९४ मध्ये कंपनीवर सदोष मनुष्यवध सिद्ध झाला, ६०,००० पौंड दंड, मॅनेजिंग डायरेक्टर तुरुंगात, तिकडे कंपनीला अशा गुन्ह्यात दोषी धरण्याची ती पहिलीच वेळ. आणि १९९५ ला कायदाच आला की १८ वर्षांखालच्या मुलांना असलं काही पैसे घेऊन करवणार असाल तर लायसन्स घ्या. का आला? कारण आपल्या लोकांवर आपणच लक्ष ठेवतो म्हणणाऱ्यांवर कुणाचा विश्वास उरला नव्हता.

आणि एक प्रश्न. "वारा वाढला" असं तुम्ही एका ओळीत उडवलंत. अंदाजात होता की नव्हता?

शीड_आणि_सुकाणू

होता. तासाभराने येणार होता तो आधी आला. पाच महिन्यांनी चौकशीत निघालं की माणसं आणि बोटी नियमाप्रमाणे होत्या पण परत बोलवायचा निर्णय दहा-पंधरा मिनिटं उशिरा झाला. तो निर्णय माझा होता. लपवत नाहीये, मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं हे कबूल.

पण तुमचं लाइम बे माझ्याच बाजूने जातं ना साहेब. त्या दोघांनी पत्र कुणाला लिहिलं? मालकाला, म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार त्यालाच. वीस-बावीस वर्षांच्या इन्स्ट्रक्टरने नोकरी न गमावता "इथे काहीतरी गडबड आहे" हे सांगायला मालकाच्या वर एक दार हवं, आणि ते दार संघटनेनेच ठेवायला हवं. ब्रिटनमध्ये जहाजांवरच्या लोकांसाठी २००३ पासून चर्प नावाची गोपनीय कळवणीची सोय आहे, नाव न फोडता घटना छापतात, बाकीचे वाचून शहाणे होतात. जी संघटना अपघाताच्या दिवशी फक्त मेल पाठवते तिला अपघाताच्या आधी कोण कशाला काही सांगेल?

कोण_तो_वारा

धाग्याचं शीर्षक वाचून वाटलं फॉल्स सीलिंगवाल्यांच्या संघटनेबद्दल आहे. सेलिंग की सीलिंग. असो, चालू द्या, वाचतोय.

ओवीची_आई

मी पालक आहे, माझी मुलगी दोन वर्षं होडी शिकतेय, म्हणून सगळं दोनदा वाचलं आणि पोटात गोळा आला.

मला खरंच कळलं नाही, लाइफ जॅकेट घातलेलं असताना मूल वर का आलं नाही? आम्हाला तर पहिल्या दिवशी सांगतात की जॅकेट आहे, बुडणार नाही.

शीड_आणि_सुकाणू

ताई, हा प्रश्न प्रत्येक पालकाने विचारायला हवा. लहान होड्यांवर मुलं घालतात ती सहसा लाइफ जॅकेट नसून बॉयन्सी एड असतात. साधारण ५० न्यूटन तरंगशक्ती, शुद्धीवर असलेल्या आणि थोडंफार पोहता येणाऱ्या माणसाला वर धरायला पुरेल एवढी. फुगणारं मोठं लाइफ जॅकेट १५० न्यूटनचं, ते माणसाला पाठीवर वळवून तोंड पाण्याबाहेर ठेवायच्या हिशोबाने केलेलं असतं. मग मुलांना मोठंच का नाही देत? कारण होडी पालथी होऊन मूल खाली सापडलं तर बाहेर यायला आधी थोडं खाली बुडी मारावी लागते, आणि मोठं जॅकेट त्याला वर होडीच्या तळाशी दाबून धरतं. बॉयन्सी एड घालून ती बुडी मारता येते, पण पायाला दोरी असेल तर कुठलंच जॅकेट कामाचं नाही. तिथे चाकू, जवळ असलेली सेफ्टी बोट, आणि डोकी मोजणारा माणूस. बस. काही शाळा डोलकाठीच्या टोकाला फुग्यासारखा फ्लोट लावतात, त्याने होडी आडवी राहते, पूर्ण पालथी होत नाही. आमच्या होड्यांना नव्हता. नियमात सक्ती नव्हती. आज मी शाळा चालवत असतो तर नवशिक्यांच्या एकेका होडीला लावला असता.

ओवीची_आई

थँक्यू. हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि याच कारणासाठी मी दीपस्तंभ यांच्या बाजूने आहे, सॉरी. तुम्हाला हे अपघातानंतर कळलं की फ्लोट हवा होता. मला संघटना अशी हवी जी शाळेला विचारेल की फ्लोट का नव्हता, आणि हे विचारताना तिला तुमची दया येत नसेल. तुमच्याशी चहा पीत बसलेली संघटना मला नकोय.

एक मात्र आहे, त्या मुलाच्या आईला कुणी फोन केला होता का? कारण मी असते तर मला शाळा बंद पडली की चालू आहे याने काडीचा फरक पडला नसता, मला कुणीतरी येऊन काय झालं ते मिनिटामिनिटाने सांगायला हवं होतं.

काळा_डगला

वकील आहे, विम्याचे दावे बघतो, म्हणून थोडी वाईट बातमी देतो.

फोन का येत नाही माहितीये? निर्दयीपणा वगैरे नसतो. शाळेच्या पॉलिसीत कलम असतं की विमा कंपनीला विचारल्याशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही. संघटनेचा विमा वेगळा, कंपनी वेगळी, वकील वेगळा. अपघात झाला की दोन्हीकडचे वकील पहिल्या तासात एकच सांगतात, तोंड बंद. त्यात शाळेचा आणि संघटनेचा हितसंबंध एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतो, शाळा म्हणणार आम्ही तुमचेच नियम पाळले, संघटना म्हणणार तुम्ही पाळले नाहीत. उद्या कोर्टात समोरासमोर उभे राहू शकणारे दोन पक्ष आज एकमेकांना धीर कसा देणार?

तरी सॉरी म्हटलं की गुन्हा कबूल झाला ही जी भीती आहे ती बरीचशी फुगवलेली असते. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टमध्ये चक्क लिहिलंय की माफी मागणं किंवा उपचाराची तयारी दाखवणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणाची कबुली होत नाही. म्हणजे कायद्यालाच सांगावं लागलं की बाबांनो माणसासारखं बोला. सगळीकडे असं कलम नाही, पण "तुमच्या मुलाला दुखापत झाली याचं आम्हाला वाईट वाटतंय, मी अमुक, माझा नंबर हा" एवढ्या वाक्यावर दावा हरलेला मी आजवर पाहिला नाही. गप्प बसल्यामुळे चिडून कोर्टात गेलेली कुटुंबं मात्र भरपूर पाहिली.

जुना_खलाशी

नऊ वर्षं इन्स्पेक्टर होतो, तुमच्या संघटनेचा नाही, दुसरीकडे. त्यामुळे ज्याचा फोन आला नाही त्याच्या जागी मला उभं करून बघा.

इन्स्पेक्शनला मी काय बघतो? एक दिवस. बहुतेक वेळा स्वच्छ ऊन, सांगून आलेलो, इंजिनं धुतलेली, किल कॉर्ड (चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी दोरी) नव्याकोऱ्या, फर्स्ट एड बॉक्स सील फोडलेला नाही. रजिस्टर बघतो, सर्टिफिकेटच्या तारखा बघतो, एक सेशन बघतो. "उत्तम" लिहितो. खोटं नसतं ते, पण ते त्या दिवसाचं असतं. वारा वाढताना चीफ इन्स्ट्रक्टर किती मिनिटांनी शिट्टी वाजवतो हे मला कुठल्या रजिस्टरमध्ये दिसणार?

आता अपघात झाला. मी तुम्हाला फोन केला, धीर दिला, "तुमची चूक नाही हो" असं तोंडातून निघून गेलं, निघतंच. पुढच्या महिन्यात तुमची मान्यता काढायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीत मीच, आणि कदाचित पोलिसांसमोर साक्षीदारही मीच. मुलाच्या बापाने विचारलं की साहेब तुम्ही कुणाच्या बाजूचे, तर मी काय सांगू? फोन न करणं हे मलाही जड गेलं होतं एकदा, पण मी नाही केला, आणि आजही नाही करणार.

दुसरं, "एका आठवड्यात सगळ्या शाळांना कळवा" हे ऐकायला गोड आहे. घाईत कळवलेलं कारण चुकीचं निघालं तर? २०१४ मध्ये चीकी राफिकी नावाची ४० फुटी यॉट अटलांटिकमध्ये कील, म्हणजे तळाचा वजनदार पंख, तुटून उलटली, चारही जण गेले. उलटलेला सांगाडा दिसला होता पण हाती आला नाही. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेला, एमएआयबी म्हणतात तिला, रिपोर्ट द्यायला २०१५ चा एप्रिल उजाडला, आणि तरी त्यांना जपूनच लिहावं लागलं की आधी जमिनीला घासल्यामुळे आतली जोडणी सुटत गेली असावी. "असावी"! तिथे आठवड्यात कुणी छातीठोक पत्रक काढलं असतं तर?

आणि संघटना म्हणजे काय मोठं सचिवालय नसतं हो. बऱ्याच ठिकाणी चार पगारी माणसं आणि बाकी सगळे रविवारचे स्वयंसेवक.

लाटेवरचा_बगळा

खलाशीबुवा, कारण कळवायला वेळ लागतो, मान्य. घटना कळवायला कशाला लागतो? २०१३ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या पॅडस्टोला एक कुटुंब स्पीडबोटीतून बाहेर फेकलं गेलं, किल कॉर्ड चालवणाऱ्याला बांधलेली नव्हती, रिकामी बोट पूर्ण वेगात गोल गोल फिरत पाण्यातल्या माणसांवर येत राहिली, बाप आणि आठ वर्षांची मुलगी गेली. एमएआयबीने पूर्ण रिपोर्ट यायच्या कितीतरी आधी बुलेटिन काढलं, त्यात अमुक का घडलं याचा निकाल नव्हता, कॉर्ड बांधा, चालते का तपासा, एवढंच. "या बनावटीच्या होडीत मेनशीट पायात गुंतून मूल खाली अडकलं, तुमच्याकडे ही होडी असेल तर बघा." झालं की पत्रक. यात कुणाची चूक ठरते?

आता दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचतो.

संघटना स्वतः चौकशी करू शकत नाही हे खरं नाही. १९७९ ची फास्टनेट रेस घ्या. ३०३ होड्या, वादळ, १५ स्पर्धक गेले. चौकशी कुणी केली? आरवायए म्हणजे रॉयल यॉटिंग असोसिएशन आणि रेस भरवणारा आरओआरसी क्लब, म्हणजे घरचेच लोक. स्किपर्सना प्रश्नावल्या पाठवून माहिती गोळा केली आणि त्याच डिसेंबरात रिपोर्ट छापला. त्यात जे निघालं त्याने समुद्रावरची अक्कलच बदलली. २४ होड्या सोडून लोक उतरले होते आणि त्यातल्या १९ नंतर तरंगताना सापडल्या, काही माणसं मात्र लाइफराफ्टमध्ये, म्हणजे फुगणाऱ्या तराफ्यात, जाऊन दगावली. होडी पायाखालून बुडेपर्यंत सोडू नका, हे आज जे पहिल्या कोर्समध्ये घोकवतात त्यामागे ही मोजदाद आहे. वकील बोलवून गप्प बसले असते तर हे कुणाला कळलं असतं?

पण दीपस्तंभ यांच्या बाजूलाही माल आहे. १९९८ च्या ऑस्ट्रेलियातल्या सिडनी-होबार्ट रेसमध्ये सहा जण गेले. भरवणाऱ्या क्लबने स्वतःचा आढावा घेतला, सुधारणाही केल्या. मग २००० मध्ये कोरोनरचा, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, निकाल आला आणि त्यात त्यांनी स्वच्छ नोंदवलं की वादळाच्या ऐन वेळी रेस चालवणारी मंडळी चालवत नव्हती, नुसती बघत होती. हे बाहेरचा माणूसच लिहू शकतो. घरच्यांनी किती प्रामाणिकपणे लिहिलं तरी हे वाक्य त्यांच्या पेनातून उतरत नाही.

अमेरिकेत २०१२ साली फॅरलॉन बेटांच्या रेसमध्ये एका यॉटवरचे आठपैकी पाच जण गेले तेव्हा कोस्ट गार्डने त्या भागातल्या खोल समुद्रातल्या रेसेस थांबवल्या आणि राष्ट्रीय संघटनेला, यूएस सेलिंगला, सांगितलं की बघून सांगा काय चुकलं. सरकार थांबवतं, संघटना शिकवते, कामं वाटलेली. मला हे मॉडेल सगळ्यात पटतं.

दीपस्तंभ

"संघटना शिकवते" हे वाक्य जरा जपून वापरा. २०११ मध्ये अमेरिकेत अ‍ॅनापोलिसला सरावात होडी उलटून १४ वर्षांची मुलगी ट्रॅपीझ हार्नेसचा (तारेला लटकून होडीबाहेर झुकायला घालतात तो पट्टा) हुक अडकल्याने खाली राहिली आणि गेली. यूएस सेलिंगने चौकशी केली, रिपोर्ट काढला, सगळं केलं. हुक एका झटक्यात सोडता आलाच पाहिजे असा जागतिक नियम लागू कधी झाला? १ जानेवारी २०२३. बारा वर्षं. आणि तो रेसिंगचा नियम, शाळेच्या कपाटात लटकणाऱ्या जुन्या हार्नेसला तो आपोआप लागूही नाही. त्या अपघाताच्या आधीही असे अडकण्याचे प्रकार माहीत होतेच. रिपोर्ट लिहिणं आणि हुक बदलणं यात बारा वर्षांचं पाणी आहे, आणि त्या पाण्यात मुलं आहेत.

लाटेवरचा_बगळा

हे लागलं. कबूल. पण मग उपाय संघटनेने अजून दूर उभं राहणं हा कसा काय?

दीपस्तंभ

उपाय सक्ती. पत्रक नाही, आदेश. "बघा" नाही, "इतक्या तारखेपर्यंत बदला नाहीतर मान्यता गेली". शाळेचे मित्र असाल तर हा आदेश काढताना हात थरथरतो, कारण समोर खर्च दिसतो त्यांचा. माझा मुद्दा पहिल्यापासून हाच आहे.

पाटी_कोरी

एक वेगळी बाजू. तुम्ही सगळे संघटना आहे हे धरून चाललात. नसेल तर? किंवा तीन असतील तर? २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्समध्ये हॅव्हरफोर्डवेस्टला पॅडलबोर्डवाल्या ग्रुपला पुराच्या पाण्यात बंधाऱ्यावरून नेलं, चार जण गेले. नेणाऱ्या मालकिणीकडे प्राथमिक पातळीचं सर्टिफिकेट होतं, वाहत्या पाण्याचं नव्हतं, २०२५ मध्ये तिला साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. चौकशीत एक गोष्ट निघाली की त्या खेळात सर्टिफिकेट वाटणाऱ्या संस्था अनेक, पण सगळ्यांनी मान्य केलेली एक शिखर संस्था नाही. म्हणजे अपघातानंतर मेल पाठवायलाही कुणी नाही. धागाकर्त्यांना तीन ओळी तरी आल्या.

कोण_तो_वारा

वरचं वाचून मस्करी करावीशी वाटेना. माझी पहिली कमेंट विसरा.

जुना_खलाशी

बगळेबुवा, पॅडस्टोचं बुलेटिन पटलं. घटना कळवा, कारण नको. पत्रकाबद्दलचा माझा आक्षेप मागे घेतो.

पण फोनवर ठाम आहे. फार तर असं करा की संघटनेत दोन वेगळी माणसं ठेवा. एक जो स्थगिती, चौकशी, मान्यता बघेल आणि शाळेशी फक्त लेखी बोलेल. दुसरा ज्याला या कशातलं काही ठाऊक नसेल, समितीत नसेल, ज्याचं काम एवढंच की त्याच रात्री गाडीत बसून जायचं, कुटुंबाला भेटायचं, इन्स्ट्रक्टर पोरांना जेवू घालायचं, त्यांना सांगायचं की जे आठवतंय ते आजच लिहून ठेवा आणि खरं लिहा. त्याने चौकशीवर चकार शब्द काढला तर त्याला हाकला. चार माणसांच्या संघटनेलाही हे जमेल, दुसरा माणूस निवृत्त खलाशी असला तरी चालतो. आमच्यासारखे रिकामटेकडे पुष्कळ आहेत.

काळा_डगला

कायद्याच्या बाजूने चालेल. फक्त त्या दुसऱ्या माणसाला कोर्टात बोलावलं जाऊ शकतं हे त्याला आधी सांगा. आणि "आठवतंय ते लिहा" हे लिहिलेलं नंतर मागितलं जातं, म्हणून वकील ते लिहू देत नाहीत. मी स्वतः देत नाही. लिहिलं पाहिजे असं माणूस म्हणून वाटतं, वकील म्हणून नाही. सोडवा.

शीड_आणि_सुकाणू

खलाशीबुवा, हेच हवं होतं. तुमचा तो दुसरा माणूस त्या रात्री आला असता तर मी हा धागा काढलाच नसता. दीपस्तंभ, तुमचं सक्तीचं म्हणणंही घेतलं. फ्लोटचा आदेश आमच्या अपघाताआधी आला असता तर मी खर्चावरून कुरकुरलो असतो आणि मुलगा आडव्या होडीला धरून बसला असता.

ओवीची_आई

शीड, एक विचारू? सगळा धागा तुम्ही त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला कुणी फोन केला नाही म्हणून काढलात. तुम्ही केलात का?

शीड_आणि_सुकाणू

पहिल्या चार दिवसांत रोज. मग शाळेच्या वकिलाने सांगितलं की साक्षीदारांनी आपसात बोलायचं नाही, आणि मी ऐकलं. चौकशी पाच महिन्यांनी संपली तोवर ती सोडून गेली होती, मग लाज वाटायला लागली, मग अजून उशीर.

नंबर आहे माझ्याकडे.

ओवीची_आई

मग इथे काय टाईप करताय?